कांदा, वांधा आणि ऱ्होड्स

नामपुरात कोणी परदेशी जायचं ठरवलं, की ते ठरवणं त्याच्या एकट्याच्या हातात राहत नाही. पुण्या-मुंबईची माणसं आधी जाऊन येतात आणि मग फोटो दाखवून शेजाऱ्यांना जळवतात. आमच्याकडे क्रम उलटा. आधी गावाला कळतं, मग गाव हरकती नोंदवतं, हरकतींवर सुनावणी होते, आणि एवढं सगळं झाल्यावर प्रत्यक्ष जायचं की नाही हा मुद्दा किरकोळीत निघतो. बाजार समितीच्या आवारात कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते. लिलाव आपल्या ट्रॉलीपर्यंत यायला वेळ असतो. तेवढ्या वेळात माणसाने बोलायचं तरी काय? राजकारण बोलून झालेलं असतं, पावसावर बोलून उपयोग नसतो. म्हणून सध्या नामपूरच्या रांगेत ग्रीस देशातल्या ऱ्होड्स बेटाचा विषय चालू आहे.

याला कारण आमचे नाना. नाना म्हणजे माझे धाकटे चुलते. थोडी द्राक्षं, थोडं डाळिंब आणि उरलेल्या सगळ्या रानात उन्हाळ कांदा, असा त्यांचा संसार. त्यांची मुलगी, म्हणजे आमची ताई, जर्मनीत नोकरीला आहे. यंदा तिने फोनवर जाहीर केलं, "दर वेळी मीच सुट्टी काढून येते. आता तुम्ही निम्म्या वाटेपर्यंत या. ग्रीसच्या एखाद्या जुन्या, इतिहासातल्या बेटावर आठवडाभर सगळे एकत्र राहू." तिने काढलेली निम्मी वाट नकाशावर पाहिली तर ती तिच्या घराला बरीच लागून आहे. पण लेकीच्या गणितात बाप चूक काढत नाही. नाना म्हणाले, "विचार करू." नामपुरात विचार करू म्हणजे रांगेत विषय टाकू.

ताईने तीन बेटं सुचवली होती. पहिलं सँतोरिनी. हे बेट आमच्या भागात सगळ्यांच्या ओळखीचं आहे, कारण लग्नाआधीच्या फोटोंचे जे बॅनर लागतात, त्यांत नवरा-नवरीच्या मागे निळ्या घुमटांची पांढरी घरं हमखास छापलेली असतात. नवरा करंजाडचा, नवरी ताहाराबादची आणि मागे सँतोरिनी. ताईने सांगितलं, की हे बेट म्हणजे समुद्रातल्या ज्वालामुखीचं उरलेलं तोंड. साडेतीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी तो फुटला आणि अक्रोतिरी नावाचं अख्खं गाव राखेखाली गाडलं गेलं. नानांवर परिणाम शून्य. "आपला साल्हेर, मुल्हेर, मांगीतुंगी, सगळा लाव्हाच की. आपण त्याच्यावर कांदा लावतो."

पुढे मात्र नानांनी कान टवकारले. सँतोरिनीत वारा इतका, की द्राक्षाचा वेल जमिनीलगत गोल टोपलीसारखा विणून ठेवतात आणि घड त्या टोपलीच्या आत वाढतात. पाणीही जवळजवळ देत नाहीत. दमट हवेवर आणि दवावर वेल जगतो. "म्हणजे मांडव नाही, अँगल नाही, तार नाही, ठिबक नाही?" नानांच्या डोळ्यांसमोर मागच्या काही वर्षांची बिलं तरळली असावीत. पण मग त्या वेलाची छाटणी वाकून करावी लागते हे कळलं आणि त्यांचा चेहरा पडला. "दिवसभर वाकणारा मजूर आणायचा कुठून?" एवढ्या एका कारणावरून सँतोरिनी रद्द झालं. आपण तिथे फिरायला चाललोय, बाग कसायला घेत नाही, हे नानांना सांगायच्या भानगडीत मी पडलो नाही.

काकू मात्र सँतोरिनीसाठी थोडा वेळ अडून बसल्या. अक्रोतिरीच्या भिंतींवर निळसर माकडांची चित्रं सापडली आहेत आणि ती माकडं भारतातल्या लंगुरांसारखी आहेत असं २०२० च्या सुमारास अभ्यासकांनी दाखवून दिलं, हे ताई बोलता बोलता बोलून गेली. काकूंनी लगेच हात जोडले. "मारुतीराया जाऊनही आले!" भिंतीवर माकड काढणाऱ्याला ते कुणाकडून कळलं, कोणत्या व्यापाराच्या वाटेने, असले प्रश्न काकूंना पडत नाहीत. द्रोणागिरी आणायला निघालेल्या माणसाला सँतोरिनी वाटेत लागू शकतं.

दुसरं बेट डेलॉस. यावर आजीचं मत घेण्यात आलं. आजी सहलीला जाणार नाही, पण तिच्या मताशिवाय आमच्या घरात कुकरसुद्धा लावत नाहीत. डेलॉस म्हणजे ग्रीकांच्या अपोलो देवाचं जन्मस्थान. इसवी सनापूर्वी ४२६ मध्ये अथेन्सच्या लोकांनी तिथल्या सगळ्या कबरी उकरून हलवल्या आणि फर्मान काढलं, की यापुढे या बेटावर कोणी जन्मायचं नाही आणि कोणी मरायचंही नाही. दिवस भरलेली बाई किंवा शेवटचे श्वास मोजणारा म्हातारा असला, की त्याला होडीत घालून शेजारच्या रेनिया बेटावर न्यायचं. आजीने हे नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "आनि होडी टाइमवर नही उनी तं?" यावर ताईकडेही उत्तर नव्हतं. आजी म्हणाली, जिथे माणसाला मरायची मोकळीक नाही तिथे माझ्या पोराला पाठवू नका. आजही डेलॉसवर पर्यटकाला मुक्काम करता येत नाही, बोटीने परत जवळच्या मिकोनोस बेटावर यावं लागतं, हे कळल्यावर सहलीच्या बेतात असलेल्या माझ्या मामांनीही नकार दिला. जेवल्यावर पडायला जागा नसलेलं तीर्थक्षेत्र त्यांना मान्य नाही.

पण डेलॉसने एक काम केलं. त्याच्यामुळे ऱ्होड्सचा निकाल लागला, आणि तोही घरात नव्हे, रांगेत.

झालं असं. ऱ्होड्स हे जुन्या काळी व्यापाराचं मोठं बंदर होतं आणि तिथे मालावर जकात बसायची. रोमन लोकांचं ऱ्होड्सशी बिनसलं. त्यांनी इसवी सनापूर्वी १६६ च्या सुमारास डेलॉस अथेन्सला देऊन टाकलं आणि तिथली जकात माफ केली. झालं. सगळी गलबतं डेलॉसकडे वळली. ऱ्होड्सला बंदराच्या जकातीतून जिथे दहा लाख द्राख्मा मिळायचे तिथे दीड लाख मिळू लागले, असं पॉलिबियस नावाच्या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे. मी ही गोष्ट रांगेत सांगितली तेव्हा ट्रॉलीवर बसलेली माणसं खाली उतरून जवळ आली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात सरळ निर्यातबंदी, २०२४ च्या मे महिन्यात बंदी उठली पण शुल्क राहिलं, सप्टेंबरात ते २० टक्क्यांवर आलं, आणि २०२५ च्या एक एप्रिलला शून्य झालं तोवर कांद्याचा भावही खाली यायला लागला होता. ही सगळी शिकवणी घेऊन बसलेल्या एकाही माणसाला रोमन सत्तेचं धोरण समजावून सांगावं लागलं नाही. उलट त्यांनीच मला समजावून सांगितलं. एक जण म्हणाला, "हे दिल्लीचं काम वाटतं." दुसऱ्याने दुरुस्ती केली, "रोमचं आहे म्हणतोय ना तो." पहिला म्हणाला, "गाव बदललं असेल, माणसं तीच."

तेवढ्यात नानांनी निर्णय दिला, "मग आपण ऱ्होड्सलाच जाऊ. भाव पाडलेल्या गावाला आपण नाही भेटायचं तर कोणी भेटायचं?"

एखाद्या देशाला भेट द्यायची कारणं लोक निरनिराळी सांगतात. कोणी समुद्रकिनारा म्हणतं, कोणी खाणं-पिणं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाजारभावाच्या सांत्वनाला जाणारे पर्यटक ग्रीसच्या वकिलातीने पूर्वी पाहिले नसतील.

आता बेट ठरलं म्हटल्यावर त्याची चौकशी सुरू झाली. मुलीला स्थळ बघताना करतात तशीच. पाणी आहे का? हा पहिला प्रश्न. रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाबांना मी म्हटलं, "बाबा, बेट आहे, चारही बाजूंनी पाणीच पाणी." बाबा म्हणाले, "चारीमेर पानी शे, मायनं. पेवाले शे का?" प्रश्न बरोबर होता. मी शोधून काढलं, की ऱ्होड्सला गादुरास नावाचं धरण आहे आणि बेटाच्या पिण्याच्या पाण्याची सोय त्यावर होते. धरण आहे म्हटल्यावर रांगेत बेटाबद्दल आदर निर्माण झाला. आमचं सगळं मोसम नदीच्या हरणबारी धरणावर चालतं, त्यामुळे लगेच पुढचा प्रश्न आला: आवर्तन किती दिवसांनी सोडतात? आणि टेलच्या लोकांपर्यंत पाणी पोहोचतं का? ग्रीसच्या पर्यटन खात्याच्या माहितीत हे दिलेलं नाही. देतही नसतील. टेलला पाणी पोहोचत नसेल तर कोणतं सरकार ते छापील पत्रकात घालेल?

दुसरा प्रश्न अर्थातच, "तठे कांदाना काय भाव शे?"

ताईने इथे एक चूक केली. नेमका भाव विचारून सांगण्याऐवजी तिने ग्रीक सॅलडचा फोटो पाठवला. टोमॅटोच्या फोडी, काकडी, ऑलिव्ह, वर फेटा नावाच्या चीजची एक लादी, आणि सगळ्यावर कच्च्या कांद्याच्या चकत्या. खाली तिने लिहिलं, की पर्यटकांच्या हॉटेलात हे आठ-दहा युरोला मिळतं. नानांनी युरोला शंभर रुपये धरून हिशेब केला आणि मोबाइल पालथा ठेवला. भाव पडलेला असतो तेव्हा एक क्विंटल कांदा विकून नामपुरात जेवढे पैसे हातात येतात, तेवढ्यात तिथे एका माणसाला चार चकत्या मिळतात. त्या चकत्या सोडून बाकीची भाजी फुकट दिली असं धरलं तरी! त्या संध्याकाळी रांगेत एक गंभीर सूचना आली, की नानांनी एकटं जाण्याऐवजी सोबत एक कंटेनर घेऊन जावं.

सूचना नियमात बसत नाही. युरोपात जाताना सामानातून मांस आणि दूधदुभतं नेता येत नाही, म्हणजे काकूंचं कणीदार तूप आणि खव्याचे पेढे बाद. फळं-भाज्या न्यायच्या तर वनस्पती आरोग्याचा दाखला लागतो. त्यातून फक्त पाच फळांना सूट आहे: अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर. डाळिंब या यादीत नाही हे समजल्यावर नाना दोन दिवस युरोपीय संघाशी बोलत नव्हते. त्यातच ताईने माहिती दिली, की ग्रीक घरांत नव्या वर्षाला दारात डाळिंब आपटून फोडतात. जितके दाणे लांब उडतील तितकी बरकत. नाना म्हणाले, "जमिनीवर? चांगलं डाळिंब?" तेल्या आणि मर रोगापासून बाग वाचवता वाचवता ज्याचे केस पिकले त्याला ही प्रथा सांगायला नको होती. नारळाला मात्र परवानगी आहे, म्हणून काकू खूश आहेत. कुठेही पोहोचल्यावर आधी नारळ फोडता आला, की पुढचं सगळं होतं, असं त्यांचं प्रवासाचं एकमेव तत्त्व आहे. बाकी बिबडे, शेवया, कळण्याचं पीठ, मिरचीचा ठेचा आणि लसणाची चटणी यांवर युरोपने अजून काही म्हटलेलं नाही, त्यामुळे ते सामानात आहे. ठेचा हातातल्या पिशवीत न्यायचा की बॅगेत, यावर मतभेद आहेत. फुटला तर पुढच्या माणसाच्या बॅगेचं काय होईल, या विचाराने मी बॅगेच्या विरोधात आहे.

बेट मिरवायला लागलं, की नामपूर मागे राहत नाही. ऱ्होड्सला सूर्यदेवाचा म्हणजे हेलिओसचा एक प्रचंड काशाचा पुतळा होता. मॅसिडोनियाच्या दिमित्रियसने इसवी सनापूर्वी ३०५ मध्ये शहराला वेढा घातला, वर्षभर झटला, हरला, आणि जाताना वेढ्याची अवजड यंत्रं तशीच टाकून गेला. ऱ्होड्सवाल्यांनी ती विकली आणि आलेल्या पैशांतून पुतळा उभा केला. जुन्या जगाच्या सात आश्चर्यांत त्याची गणना. उंची सुमारे ३३ मीटर. मी हा आकडा फुटांत केला तर १०८ आला. मांगीतुंगीच्या डोंगरात २०१६ मध्ये प्रतिष्ठा झालेली ऋषभदेवांची अखंड पाषाणातली मूर्ती बरोबर १०८ फुटांची! ही बातमी गावात पसरल्यावर सहल रद्दच होण्याच्या बेताला आली. "आपलं इथेच आहे तर तिकडे कशाला?" त्यात ऱ्होड्सचा पुतळा साठेक वर्षंही टिकला नाही, इसवी सनापूर्वी २२६ च्या भूकंपात गुडघ्यात मोडून पडला. इजिप्तच्या राजाने पुन्हा उभा करायला पैसे देऊ केले. लोकांनी देवाचा कौल विचारला, कौल नाही असा आला, आणि पुतळा आठशेहून जास्त वर्षं तसाच आडवा राहिला. शेवटी अरबांनी बेट घेतल्यावर तो भंगारात विकला गेला. नऊशे उंटांवर लादून नेला अशी कथा आहे. भंगार विकून उभारलेली वस्तू पुन्हा भंगारातच गेली, हे ऐकून आमच्या इथल्या एका भंगारवाल्याने मान डोलावली. त्याच्या मते यात अचंब्याचं काही नाही, फक्त वजनकाटा कोणाचा होता हे कळायला हवं.

साल्हेरची बाजू मामांनी मांडली. ऱ्होड्सच्या जुन्या शहराला युनेस्कोचा वारसा दर्जा १९८८ मध्ये मिळाला. आमच्या साल्हेरला मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून २०२५ च्या जुलैत मिळाला. मामा म्हणतात, त्यांचा सदतीस वर्षं आधी नंबर लागला एवढंच, यादी तीच आहे. शिवाय ऱ्होड्सची कथा अशी, की देवांनी जमीन वाटून घेतली तेव्हा सूर्य हजर नव्हता, म्हणून त्याच्यासाठी हे बेट समुद्रातून वर काढलं गेलं. साल्हेरची कथा त्याच्या पलीकडची: सगळी पृथ्वी दान केल्यावर परशुरामाने साल्हेरच्या माथ्यावरून बाण सोडून समुद्रच मागे हटवला आणि कोकण काढलं. मामांचा प्रश्न असा, की ज्या समुद्राला आपण इथून बाण मारून हाकललं, त्याच्या काठावर जाऊन पैसे देऊन लोळायचं म्हणजे काय? यावर अजून कोणाला तोडगा सुचलेला नाही. ऱ्होड्सवर लिंडोस गावच्या टेकडीवरच्या देवळापर्यंत गाढवावर बसून जायची सोय आहे, हे ऐकून मामा थोडे विरघळले होते. पण ग्रीस सरकारने २०१८ मध्ये नियम केला, की गाढवावर शंभर किलोंपेक्षा किंवा त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त ओझं चढवायचं नाही. मामांनी हा नियम वाचल्यापासून गाढवांचा विषय काढायचं बंद केलं आहे, आणि घरातल्यांनीही माणुसकी म्हणून तो टाळला आहे.

नानांना स्वतःला आवडली ती सरदारांची गल्ली. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपासून १५२२ पर्यंत ऱ्होड्स सेंट जॉनच्या धर्मयोद्ध्यांच्या ताब्यात होतं. हे योद्धे युरोपभरातून आलेले. त्यांचे गट पाडले होते भाषेवरून, आणि एकाच दगडी रस्त्यावर जवळपास प्रत्येक गटाची वेगळी वास्तू, त्यात बैठका आणि जेवणखाण. नाना म्हणाले, "भाषावार प्रांतरचना! आणि गटागटाच्या धर्मशाळा. पंचवटीत आपलंही असंच आहे." ऑटोमन सुलतान सुलेमानाने सहा महिने वेढा घालून त्यांना हुसकावलं तेव्हा या सगळ्या गटांत एकी होती का, हा नानांचा पुढचा प्रश्न. सोसायटीच्या निवडणुका पाहिलेल्या माणसाला इतिहासात नेमकं काय शोधायचं हे ठाऊक असतं.

व्हिसाचं प्रकरण मात्र या सगळ्यापेक्षा अवघड निघालं. ग्रीस शेंगेन गटात येतो. त्यासाठी माणशी ९० युरो फी, नाकारला तरी परत न मिळणारी. तीस हजार युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा. राहण्याची ठिकाणं, विमानाची तिकिटं, आणि मुख्य म्हणजे तुम्ही परत येणार याची खात्री पटवणारे कागद. नाशिकच्या एका एजंटाकडे हे काम दिलं. माणूस सज्जन, पण त्याची गिऱ्हाइकं आजवर सगळी नोकरदार. त्याने पहिल्याच फोनवर मागितलं: तीन वर्षांचं आयकर विवरण आणि कंपनीचं सुट्टी मंजुरीचं पत्र.

नाना म्हणाले, "शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही."

"मग सुट्टी कोण मंजूर करतं तुमची?"

"पाऊस."

एजंटाने हे लिहून घेतलं की नाही कळलं नाही. बँकेच्या सहा महिन्यांच्या उताऱ्याने तो आणखी घाबरला. चार महिने खातं कोरडं, मग एके दिवशी कांद्याची पट्टी जमा, दुसऱ्या दिवशी खतवाला, औषधवाला, मजुरी, ट्रॅक्टरचा हप्ता, आणि पुन्हा कोरडं. तो म्हणाला, "साहेब, एकदम एवढी रक्कम आली आणि गेली, की वकिलातीत संशय घेतात." नाना म्हणाले, "आम्हालाही येतो." काही नातेवाइकांनी चांगल्या मनाने आपले पैसे नानांच्या खात्यात काही दिवस ठेवायची तयारी दाखवली. १८७०-७१ च्या दुष्काळात सटाण्याच्या यशवंतराव महाराजांनी, आमच्या देव मामलेदारांनी, सरकारी खजिना लोकांना वाटून टाकला होता आणि तरी हिशेबात पै कमी निघाली नाही असं सांगतात. पण तसला चमत्कार शेंगेनच्या खिडकीवर चालेल का, याबद्दल एजंट साशंक होता.

शेवटी सातबारा काढला. परत येण्याचा याहून भक्कम पुरावा जगात नाही, असं नानांचं म्हणणं. त्यावर सामाईक नावं इतकी, की हा एका कुटुंबाचा कागद आहे की गावाची मतदार यादी, असं एजंटाला वाटलं. काही नावं वारलेल्यांची आहेत, काहींनी हक्क सोडलाय पण नोंद व्हायची आहे, आणि इतर हक्कांत सोसायटीचा बोजा. एजंट म्हणाला, बोजाचा कागद जोडू नका, कर्ज दिसतं. नाना म्हणाले, तोच आधी जोडा. ज्याच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे आणि ज्याच्या चाळीत कांदा आहे तो माणूस कुठे पळून जाणार? दोघेही आपापल्या जागी इतके बरोबर होते, की मला कोणाचीच बाजू घेता आली नाही.

बोटांच्या ठशांचं अजून व्हायचं आहे. त्यासाठी मुंबईला जावं लागेल. कांदा काढता-कापता, द्राक्षाची विरळणी करता करता नाना-काकूंच्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या आहेत. रेशनच्या मशीनवर काकूंचा अंगठा उमटत नाही. दर महिन्याला दहाही बोटं आळीपाळीने लावून बघावी लागतात. युरोपला तर दहाही बोटं एकदम हवी आहेत.

मला या सगळ्यात राहून राहून पांडवलेणी आठवतात. नाशिकच्या त्या डोंगरातलं सतरा क्रमांकाचं लेणं एका यवनाने, म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्या माणसाने खोदवलं. शिलालेखात नाव आहे: उत्तरेकडच्या दत्तामित्रीचा रहिवासी, धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त. तो आला, राहिला, लेणं खोदलं, पाण्याची टाकी काढली आणि त्या पुण्यकर्मात आईवडिलांनाही सहभागी केलं. त्याला कोणी परतीचं तिकीट मागितल्याचा उल्लेख लेखात नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात तर ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, काशाची छोटी मूर्ती सापडली. समुद्रापासून एवढ्या आत तो आला आणि पंचगंगेकाठी राहिला. जाणारा-येणारा माल पूर्वी असा बिनबोभाट हिंडायचा. आता आम्ही त्यांच्याकडे निघालो, तर विहिरीतला हिस्सा किती तेही सांगावं लागतं आहे.

आणि तारीख? खरा वांधा तिथेच आहे. ऱ्होड्सचा हंगाम मे ते ऑक्टोबर. हिवाळ्यात तिथली बरीच हॉटेलं बंद. आता नामपूरचं वर्ष घ्या. मार्चपासून उन्हाळ कांद्याची काढणी, ती मेपर्यंत चालते. मधेच आखाजी येते, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. त्या वेळी आईबाप बेटावर गेले तर गाव तोंडात शेण घालेल. मे महिना लग्नांचा, आणि नाना कुणाच्या लग्नाला आले नाहीत ही गोष्ट बागलाणात तीन पिढ्या लक्षात ठेवतात. जूनमध्ये मक्याची पेरणी. जुलैत अर्ली द्राक्षाच्या छाटणीची गडबड, आणि नेमक्या त्याच काळात, जुलै-ऑगस्टला, ग्रीसमध्ये उत्तरेचा जोरदार वारा सुटतो, बोटी बंद पडतात. उन्हाळ्यात वणव्याचीही भीती; २०२३ च्या जुलैत ऱ्होड्सवर वणवा लागला तेव्हा सुमारे एकोणीस हजार लोकांना हलवावं लागलं होतं. आजीला हे कोणी सांगू नका. श्रावणात कानबाई आणि पोळा. मग गणपती, मग भाद्रपदातली पित्तरं, मग घट बसतात आणि काकूंना वणीच्या गडावर जायचं असतं. ऑक्टोबरात कांद्याचं रोप टाकायचं. त्यानंतर दिवाळी, आणि दिवाळीपर्यंत चाळीतला कांदा विकून संपवायचा, कारण पुढे कोंब फुटतात. दिवाळीनंतर नाना मोकळे असतात असं नाही, डिसेंबरात कांद्याची लागवड असतेच, पण निदान बोलायला मोकळे असतात. तोवर ऱ्होड्स बंद झालेलं असतं.

ताईने वर्षाचा तक्ता करून पाठवला होता. त्यात नामपूरच्या कामांना लाल रंग आणि ऱ्होड्सच्या हंगामाला हिरवा. दोन्ही एकावर एक ठेवले तेव्हा हिरवं काहीच शिल्लक राहिलं नाही. आता ती म्हणते, सातबारावरचा बोजा ग्रीसमध्येही चढवता येईल का बघा, म्हणजे निदान वसुलीसाठी तरी ग्रीक लोक तुम्हाला बोलावून घेतील.

नानांनी यातून मार्ग काढला आहे. ते म्हणाले, तारखेचं नंतर बघू, आधी पैशांचं. चाळीतल्या कांद्याला क्विंटलला अडीच हजार निघाला, की तिकिटं काढायची. एजंटाला त्यांनी हेच सांगितलं. त्या बिचाऱ्याने सुरुवातीला आठवड्यातून एकदा फोन करून विचारलं, मग दिवसाआड, मग रोज सकाळी. काही दिवसांत त्याला सरासरी आणि जास्तीत जास्त भावातला फरक कळायला लागला. लाल कांदा वेगळा, उन्हाळ वेगळा, गोल्टीला कमी मिळतात, पाऊस लागलेल्या मालाला कोणी विचारत नाही, हे सगळं तो शिकला. सिंगापूर, दुबईची गिऱ्हाइकं समोर बसलेली असताना तो लासलगावचा भाव बघतो, असं त्याच्या ऑफिसातल्या मुलीने सांगितलं. परवा सकाळी त्याचा फोन आला तेव्हा मी नानांजवळच होतो.

"नाना, उमराण्याला आज शंभराने वर निघालाय. नामपूरला काय?"

"पन्नासने."

"मग अजून विकू नका. थांबा."

"बरं."

थोडा वेळ तिकडून आवाज नाही. मग तो हळूच म्हणाला, "नाना, माझ्याकडे थोडे पैसे पडून आहेत. शे-दीडशे क्विंटल घेऊन तुमच्या चाळीत ठेवले तर चालेल का?"

नाना म्हणाले, "जागा आहे, ठेव की. पण मग तुझ्या गिऱ्हाइकांच्या तारखांचं काय करशील ते आधी बघ."